लेट गो

१९४२ सालच्या थंडीत केडगावपलीकडच्या माळावर लष्करानं फुगे आणले. देवळाएवढाले, रुपेरी, रबर लावलेल्या कापडाचे. शत्रूची विमानं मुंबईच्या बंदरावर खाली उतरू नयेत म्हणून असे फुगे तिथं तारेनं बांधून आभाळात ठेवायचे होते. त्याची तालीम या माळावर चाले. फुगा चढवता-उतरवताना वीसेक गडी चहूबाजूंनी दोर धरून उभे राहत. लंकाबाईचा नवरा गहिनीनाथ त्यांतलाच एक.

चैत्रात एका दुपारी वावटळ उठली आणि फुगा उसळला. गोरा साहेब ओरडला, "लेट गो!" 'सोडा' म्हणतोय हे दोघाचौघांना उमगलं, त्यांनी दोर सोडले, त्यांचं बघून बाकीच्यांनीही सोडले. गहिनीनाथानं मात्र दोर मनगटाला गुंडाळून घट्ट धरला होता. फुगा त्याला घेऊन वर गेला. तो पडला तो पार ज्वारी काढलेल्या रानात.

"सोडायचा हुता त्यानं. त्याचीच चूक," मुकादम आप्पासाहेब म्हणाला.

लंकाबाईनं पदर तोंडावरून काढला. "काय बी झालं तरी दोर सोडू नगा, आसं तुमीच बजावलं हुतं न्हवं?"

महिन्याभरानं आप्पासाहेबानंच तिला फुग्यांना ठिगळं चिकटवायच्या शेडमध्ये कामाला घेतलं. सासू दारात उभी राहून म्हणाली, "माझं लेकरू ज्यानं खाल्लं, त्यालाच ठिगळं लावाय निघालीस व्हय गं?" लंकाबाईच्या दोन पोरी चुलीपाशी बसल्या होत्या. ती मान खाली घालून निघाली.

शेडमध्ये रबराच्या उग्र वासानं डोकं भणभणायचं. बोटांची कातडी सोलून निघाली. पण दोरावर नवा गडी आला की ती त्याला शेडच्या दाराशी अडवी. "सायेब 'लेट गो' म्हनला की सोडायचं. मनगटाला दोर गुंडाळायचा न्हाई. म्हन बघू." गडी लाजत, हसत, पण म्हणत.

पुढच्या चैत्रात पुन्हा तसंच वारं सुटलं. त्या वेळी साहेब माळावर नव्हता. फुगा हिसके देऊ लागला, गड्यांचे पाय जमिनीवरून सुटायला लागले, आणि आप्पासाहेब ओरडत राहिला, "धरा! धरा!" लंकाबाई हातातलं कापड टाकून धावली.

"सोडा रं! लेट गो! सोडा!"

सगळ्यांनी एकदम सोडलं. फुग्याची खुंट्याला बांधलेली तार तटकन तुटली आणि फुगा भिरभिरत डोंगराकडं गेला. माणसं मात्र सगळी जमिनीवर होती.

सरकारचा फुगा घालवला म्हणून तिला त्याच दिवशी काढून टाकलं. गड्यांपैकी कुणी चकार शब्द काढला नाही. मुकादमाच्या डोळ्यांवर येणं कुणाला परवडणार? ती पुन्हा लोकांच्या रानात खुरपायला जाऊ लागली.

आठवड्याभरानं एकटा बन्सी आला. तो गहिनीनाथाशेजारी दोर धरायचा. तो उंबऱ्याशीच टेकला.

"वैनी, तुमच्यामुळं आमी वाचलो."

लंकाबाईनं वर्षभर कुणाला न विचारलेलं विचारलं, "भावजी, वर जाताना त्येंनी काय हाक मारली का?"

बन्सीनं मान खाली घातली. "वारं लई हुतं, वैनी. ऐकाय आलं न्हाई."