रस्त्यापलीकडचं कासव

सासरे अमेरिकेत आले की त्यांची कापडी पिशवी सहा महिने खांद्यावरून उतरत नाही. आम्ही राहतो त्या कॅरी गावाहून दीड-दोन तासांवर एक राखीव माळ आहे. तापलेली वाळू, विरळ पाइनची झाडं, गुडघाभर गवत. जूनमध्ये तिथे सरडे पायाखालून सटकतात आणि सुतारपक्ष्यांची ठोकठोक थांबत नाही. मला तिथे बरं वाटतं, कारण तिथे कुणी काही सुधारायला जात नाही. बाबांना मात्र जिथे जातील तिथे काहीतरी सुधारायचं असतंच.

त्या रविवारी आम्ही दोघंच गेलो होतो. माळ संपला, रस्ता ओलांडून पलीकडच्या तळ्यापाशी आलो, तेव्हा बाबांनी पिशवीतून कासव काढलं. वाटीएवढं, पाठीवर हळदीची बोटं ओढल्यासारखे पट्टे.

"बिचारं मघाशी वाळूत भाजत होतं," ते म्हणाले. "आमच्याकडे कासव सापडलं की विहिरीत सोडतात. पाणी स्वच्छ राहतं. फोटो काढ गं."

मी फोटो काढला. कासव पाण्यात उतरलं, शेवाळाखाली दिसेनासं झालं. बाबांनी हात जोडले.

पार्किंगमध्ये त्यांनी तिथल्या स्वयंसेवक बाईंना मोठ्या हौसेने फोटो दाखवला. बाईंचा चेहरा उतरला. त्या बोलत गेल्या, मी मराठीत सांगत गेले. हे जमिनीवरचं कासव. पाण्यातून येईल कसंबसं बाहेर. पण ते जन्मभर एका लहानशा तुकड्यावर राहतं, आणि तिथून हलवलं की आपली जागा शोधत चालत राहतं.

"आणि मध्ये रस्ता आहे," बाबा म्हणाले. हे मी सांगितलं नव्हतं.

मग दर रविवारी तेच. बाबा फोनमधला फोटो मोठा करून तळ्याकाठचं गवत काठीने बाजूला करायचे, मी रस्त्याच्या कडेने फिरायचे. घामाच्या धारा, डास, आणि हाती काही नाही. नवरा वैतागला. "बाबा, एका कासवासाठी किती वीकेंड वेस्ट करणार?" बाबा काठी उचलून गाडीत जाऊन बसले. मला त्याचा राग आला, बाबांचाही आला, आणि राग येऊन करणार काय, म्हणून स्वतःचाही आला.

विमानतळावर निघताना ते म्हणाले, "तू जात राहा. पोचलं की कळव."

ऑगस्टमध्ये ते मला सापडलं. गाडीच्या चाकाखाली आलेलं. रस्ता त्याने जवळजवळ पार केला होता. माळाचं गवत तिथून हातभर लांब. अर्धी पाठ शाबूत होती. मी फोनमधला जूनचा फोटो काढून पट्टे जुळवले, पुन्हा जुळवले. ते तेच होतं. मी त्याला गवतात ठेवलं आणि गाडीत एसी लावून रडत बसले.

संध्याकाळी बाबांचा फोन आला.

"दिसलं का गं?"

"नाही, बाबा."

"मग पोचलं असणार!" बाबा किती दिवसांनी मोकळं हसले. "घरी पोचलेलं कशाला दिसेल रस्त्यावर?"

"हो ना," मी म्हणाले.