डावीकडची शून्यं

बाबा मोहने गावातल्या कारखान्यात स्टोअरला होते. तिथे प्रत्येक खोक्याला नंबर असे आणि तो तीन आकडीच असे. सातव्या खोक्यावर ००७, सत्तराव्यावर ०७०. निवृत्त झाल्यावर ही शिस्त त्यांनी वर्तकनगरच्या घरी आणली. आईच्या डब्यांवर चिठ्ठ्या लागल्या. आई त्या दुसऱ्याच दिवशी पाण्यात भिजवून काढत बसली, तेव्हा बाबांनी बाहेर काम शोधलं आणि नौपाड्यातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात बिनपगारी व्यवस्थापक झाले.

दवाखान्यात बारा खोल्या आणि बारा डॉक्टर होते, बाहेर एकच लांब व्हरांडा. पेशंटला हाक मारायला एक बाई मोठ्याने नावं पुकारायच्या आणि दुपारपर्यंत त्यांचा घसा बसायचा. बाबांनी मला डोंबिवलीला फोन करून सांगितलं, तू प्रोग्रॅमर आहेस ना, मग याचं काहीतरी कर.

मी केलं. प्रत्येक दारावर एक छोटा बोर्ड लावला. पेशंटला आल्यावर टोकन मिळायचं. डॉक्टरांनी आत बटण दाबलं, की बाहेर त्यांच्या बोर्डावर पुढचा टोकन नंबर झळकायचा. प्रत्येक बोर्डाला नेटवर्कवर पत्ता लागतो, चार आकडे आणि मध्ये टिंबं. तो मी सोपा ठेवलेला: शेवटचा आकडा म्हणजे खोलीचा नंबर. दहा नंबरच्या खोलीचा पत्ता १९२.१६८.१.१०. पण असला मजकूर माणसांच्या सोयीसाठी असतो, मशीनला तो तसा चालत नाही. निरोप पाठवायच्या आधी प्रोग्रॅम त्याचं रूपांतर बत्तीस शून्य-एकांच्या ओळीत करतो. त्यासाठी तयार फंक्शन मिळतं. आमच्या ऑफिसात सगळे एकच वापरत होते, माझ्याहून वयाने मोठं. मी बाराही बोर्ड तपासले, सगळे चालले, आणि शनिवारी मी घरी गेले.

रविवारी बाबा दवाखान्यात एकटेच होते. त्यांनी सेटिंगचा पडदा उघडला. तिथले पत्ते कुठे लांब, कुठे आखूड होते, उजवीकडची कड वाकडीतिकडी झालेली. हे त्यांना बघवलं नाही. त्यांनी चहा मागवला आणि बाराही पत्ते नीट टाइप केले. दहा नंबरचा झाला १९२.१६८.००१.०१०. सगळ्या ओळी सारख्या लांबीच्या झाल्या. नंतर त्यांनी मला सांगितलं की त्या दिवशी त्यांना फार शांत झोप लागली.

सोमवारी सकाळी त्यांचा फोन आला. आवाज खाली होता. ते म्हणाले, "अगं, हाडांचे पेशंट स्त्रीरोगाच्या खोलीत जातायत. आणि कोणी ऐकत नाहीये."

मी ठाण्याला पोहोचले तोवर बरंच होऊन गेलं होतं. पहिल्या सात खोल्या बिनबोभाट चालल्या होत्या. आठवी दातांची आणि नववी कान-नाक-घशाची. त्या डॉक्टरांनी कितीही बटण दाबलं तरी त्यांचे पेशंट बाहेर बसलेलेच. त्याच वेळी दातांच्या बोर्डावर दहाव्या खोलीतल्या, म्हणजे स्त्रीरोगाच्या पेशंटचे नंबर येत होते. अकरावी डोळ्यांची, तिचे पेशंट नवव्या दाराशी उभे. आणि बाराव्या खोलीतल्या हाडांच्या डॉक्टरांचे सगळे नंबर दहाव्या दारावर.

हाक मारणाऱ्या बाईंनी लोकांना अडवायचा प्रयत्न केला होता. पण बोर्डावर लाल अक्षरात आपला नंबर आल्यावर माणूस कोणाचं ऐकत नाही. आईबाबांच्याच सोसायटीतले एक काका गुडघा दाखवायला आलेले. ते कानाने जरा कमी ऐकतात. बोर्ड बघून ते दहाव्या खोलीत गेले आणि खुर्चीवर बसले. डॉक्टर मॅडम शनिवारच्या पेशंटचं लिहीत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, किती महिने झाले.

काका म्हणाले, "सहावा लागला. जिना चढताना फार जड होतं."

मॅडमनी वर पाहिलं. पुढचं संभाषण काका आजही कोणाला सांगत नाहीत, मॅडमनी मात्र सगळ्या दवाखान्याला सांगितलं.

दातांकडे वेगळाच प्रकार. तिथे एक गरोदर मुलगी गेली. दंतवैद्यांना तासाभरात मिळालेली ती पहिली पेशंट. त्यांनी खुर्ची मागे केली आणि आ करायला सांगितलं, तिने केला. तिला वाटलं, आता हेही तपासत असतील. दाढेत कीड निघाली. त्यामुळे माझ्या प्रोग्रॅमच्या बाजूने बोलणारे दंतवैद्य हे त्या दिवशी एकटेच होते.

मी सेटिंगचा पडदा उघडला आणि ती सुरेख सरळ कड दिसली. कारण कळायला मला थोडा वेळ लागला. त्या जुन्या फंक्शनला एक खोड आहे. आकड्याच्या सुरुवातीला शून्य दिसलं, की ते दहाच्या ऐवजी आठाच्या हिशेबाने मोजतं, जणू आपल्याला आठच बोटं आहेत. सातपर्यंत फरक पडत नाही. आठ आणि नऊ हे आकडे त्याच्या जगातच नाहीत, म्हणून ००८ आणि ००९ त्याने टाकून दिले. ०१० म्हणजे त्याच्या मते आठ, ०११ म्हणजे नऊ आणि ०१२ म्हणजे दहा. चूक अगदी पद्धतशीर होती.

मी बाबांना हे समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "डावीकडच्या शून्याला किंमत नसते, हे आम्हाला दुसरीत शिकवलंय."

मी म्हटलं, "बाबा, त्याला ते शिकवलेलं नाहीये."

जुनं फंक्शन काढून मी नवं घातलं. ते कडक आहे. पुढे शून्य दिसलं की पत्ताच नाकारतं. बाबांचे बाराही पत्ते त्याने नाकारले आणि पडद्यावर लाल ओळी आल्या. मी शून्यं पुसायला लागले तसे बाबा उठून खिडकीशी गेले. मला आईचे डबे आठवले. पेशंट खोळंबले होते, हाडांचे डॉक्टर दारात उभे होते, तरी मी आणखी चार ओळी लिहिल्या. आता पडद्यावर शून्यं तशीच राहतात. प्रोग्रॅम ती आतल्या आत गुपचूप काढतो, मग पत्ता त्या कडक फंक्शनकडे देतो आणि निरोप योग्य दाराशी जातो. माझ्या ऑफिसातल्या कोणालाही हे आवडलं नसतं. बाबांनी पडदा पाहिला आणि माझ्यासाठी वडापाव मागवला.

त्या आठवड्यात त्यांना आठाच्या मोजणीचं वेडच लागलं. घरी जिन्याच्या पायऱ्या ते तशा मोजायचे. सात झाल्या की एकदम दहा, त्यामुळे आईला वाटलं यांना दिसेनासं झालंय. एका सकाळी त्यांनी मला फोन करून विचारलं, त्या हिशेबाने माझं वय किती होईल. त्यांचा अंदाज होता की कमी होईल. बहात्तरचे एकशे दहा झाले. मग त्यांनी बागेत जाऊन मित्रमंडळींना आपण एकशे दहा वर्षांचे आहोत असं गंभीरपणे सांगितलं, आणि त्यातल्या एकाने खरंच विचारलं, सकाळी अनशापोटी काय घेता.