मधल्या चोराच्या शेजारी

"डोयासले येळ द्या."

आमच्या खळ्यात तारे पाहायला आलेली माणसे जीपमधून उतरली की चष्मेवाले भाई पहिले हे वाक्य बोलायचे. डोळ्यांना वेळ द्या, अंधाराची सवय होऊ द्या, एवढाच आमच्या अहिराणीतला त्याचा अर्थ. मग मोबाईल बंद, विडी बंद, माझ्या चुलीपुढेही पत्र्याचा आडोसा. वीस मिनिटे सगळे मुक्याने बसायचे. सुरतेहून, धुळ्याहून एवढ्या लांब येऊन माणसे गप्प का बसतात, हे मला आजही कळलेले नाही.

भाईंचे नंदुरबारला चष्म्याचे दुकान होते, आजोबांच्या वेळचे. अमावास्येच्या आसपास सहा-सात जण आणि दुर्बीण घेऊन ते रनाळ्याच्या पुढे आमच्या शेतात यायचे. शेतापर्यंत विजेचा खांब आलेला नाही. आम्ही त्यासाठी अर्ज करायचो आणि अर्ज नामंजूर झाला की भाई पेढे आणायचे. माझ्याकडे काम ज्वारी-उडदाच्या, म्हणजे कळण्याच्या, भाकरी आणि ठेचा करण्याचे. मी त्यांना भाई म्हणे, ते मला बहीण.

दुर्बिणीच्या आधी ते प्रत्येकाची परीक्षा घ्यायचे. उत्तरेकडच्या सप्तर्षींतले चार तारे म्हणजे म्हातारीची बाज आणि मागचे तीन म्हणजे ती पळवणारे चोर, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असते. मधल्या चोराच्या अगदी शेजारी एक बारीक तारा आहे. तो दिसला तर डोळे चांगले. नाही दिसला त्याला भाई सांगायचे, "मंग सोमवारले दुकानवर या." एकदा डोळ्यांच्या एका डॉक्टरलाही त्यांनी हेच सांगितले. सोमवारी तो डॉक्टर खरेच गेला.

तो बारीक तारा म्हणजे अरुंधती, लग्नात नवरीला दाखवतात ती. भाईंनी विचारले, तुला दाखवली होती का? म्हटले, दाखवली असेल, मी नवऱ्याकडे पाहत होते. तारा पाहिला असता तर बरे झाले असते.

एका खेपेला मी चुकून मिरची वाळवायची ताडपत्री अंथरली. सगळे तिच्यावर उताणे पडले, डोळे चोळले आणि घळाघळा रडायला लागले. एक बाई म्हणाली, एवढे आकाश पाहून मला भरून आले. भाईंनी ताडपत्रीचा वास घेतला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "डोयासले येळ द्या."

मग एका वर्षी त्यांनी दुर्बिणीच्या तीन पायांसाठी खळ्यात तीन दगड पुरले. मला वाटले, शिस्त. पुढे ते परीक्षा सुरू करण्याआधी चुलीजवळ यायला लागले. हळूच विचारायचे, "बहीन, दिसस का? मधला चोर?" मी वर पाहून सांगायची, "दिसस." मग ते जाऊन त्या दगडांच्या अंदाजाने लोकांना ताऱ्याची जागा काठीने बरोबर दाखवायचे. तिसऱ्या-चौथ्या वेळी मी सरळ विचारले, "भाई, तुम्हले दिसत नही का?"

काचबिंदू झाला होता. "दुसऱ्यांचे नंबर काढता काढता माझा नंबर लागला," म्हणाले.

"मंग लोकसले सांगा."

"सांगसू तं कोन येई? दुकान गयं तं चाली, बहीन. हाई गयं तं मी घरमा बशी ऱ्हासू."

हे काही मला पटले नाही. पण विचारले की वर पाहून सांगत राहिले.

होळीच्या आधीची अमावास्या होती. सात जण आले होते. भाईंनी चुलीजवळ येऊन नेहमीचे विचारले. माझे हात पिठात, तव्यावर भाकरी. मी वर न पाहताच म्हटले, "दिसस." दरवेळी दिसे.

भाकरींची टोपली घेऊन बाहेर आले तेव्हा भाई काठी वर करून बाज दाखवत होते. एक पोरगी म्हणाली, "काका, नीट दिसत नाहीये." भाई म्हणाले, "डोयासले येळ द्या." सगळे पुन्हा गप्प बसले. थोड्या वेळाने तिच्या वडिलांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "हां, दिसली." मग शेजारच्यालाही दिसली. मग सगळ्यांनाच दिसली. पोरीलासुद्धा.

मी वर पाहिले. काळे, गच्च. एक तारा नाही.

"भाई, आभाय भरी येल शे," मी म्हटले.

भाईंनी काठी खाली घेतली, चाचपत दुर्बिणीला टोपण लावले आणि म्हणाले, "मंग जेवा." स्वतः दोन भाकरी खाल्ल्या. जीपमध्ये बसताना मला एवढेच विचारले, "तू वर दखं व्हतं का?"

"नही."

त्यांनी मान हलवली. त्यानंतर ते आले नाहीत. दुकान विकून सुरतेला मुलीकडे गेले.

उन्हाळ्यात अमावास्येला त्यांचा फोन येतो. "बहीन, दिसस का?" आता मी लगेच उत्तर देत नाही. चूल विझवते, खळ्यात जाऊन त्या तीन दगडांपाशी बसते, डोळ्यांना वेळ देते. तोवर तिकडे ते फोन धरून थांबतात. वीस मिनिटे दोघेही गप्प. मग मी सांगते, "दिसस."

या खेपेला बसले. बाज दिसली. तिन्ही चोर दिसले. मधल्या चोराच्या शेजारी पाहिले. पुन्हा पाहिले. पदराने डोळे पुसून पाहिले.

"नही दिसत," मी सांगितले.

"आभाय शे का?"

"नही. साफ शे."

मला वाटले, फोन कटला.

"मंग सोमवारले दुकानवर ये," भाई म्हणाले.

सोमवारी मी नंदुरबारला गेले. दुकानात आता मोबाईलवाला बसतो. मी बाहेर बराच वेळ उभी राहिले, तेव्हा त्याने विचारले, "आजी, काय पाहिजे?"

म्हटले, चष्मा.