पन्नास डोकी आणि परिपत्रककाका

केंद्र सरकारी खात्यांतून निवृत्त झालेल्यांची एक संघटना होती आणि काका तिचे चार जिल्ह्यांचे विभागीय सचिव होते. नोकरीची चौतीस वर्षं टपालाच्या आवक-जावकीत गेल्यामुळे कुणाला नुसतं तोंडानं बोलावता येतं, हेच ते विसरून गेले होते. लेक जावयाला घेऊन जेवायला येणार असली तरी काका स्वयंपाकघरात परिपत्रकाचा कागद आणून ठेवत, खाली तारखेसकट सही. त्यावरूनच ते सगळ्यांचे परिपत्रककाका झाले. काकू म्हणायच्या, "यांनी माझ्याशी लग्न केलंच नाही हो, मला मंजूर केलं!"

पण एखाद्या विधवेची पेन्शन कुठे अडकली, की हाच माणूस पाण्याची बाटली घेऊन त्या ऑफिसच्या बाकावर जाऊन बसे. भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही, नुसतं बसायचं. तिसऱ्या दिवशी साहेबालाच कसंतरी व्हायचं आणि फाइल हलायची.

यंदा मुख्यालयाचं पत्र आलं. वार्षिक सभेला सभागृहात पन्नास सभासद हजर नसले, तर शाखा बंद करून शेजारच्या विभागाला जोडणार. शेजारचा विभाग म्हणजे बसनं पाच तास. ज्यांना घराचा जिना उतरायला दहा मिनिटं लागतात, त्यांनी पाच तास कुणाच्या भरवशावर जायचं?

सभा रविवारी अकराला. मुख्यालयाच्या निरीक्षकांना आणायला काका सकाळीच स्टेशनवर गेले. अकराला दहा कमी असताना दोघं हॉलपाशी पोचले. चिटपाखरू नव्हतं. काकांनी खिशातून किल्ली काढून दार उघडलं. आदल्या संध्याकाळी त्यांनी स्वतः पुसून मांडलेल्या सत्तर खुर्च्या त्यांच्याकडे टकामका बघत होत्या.

"साडेअकरापर्यंत थांबतो," निरीक्षक घड्याळाकडे बघत म्हणाले. तेही निवृत्तच, पण चेहरा अजून नोकरीत होता.

काकांनी अध्यक्षांना फोन लावला. अध्यक्ष म्हणजे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या ऑपरेटरबाई, वय ब्याऐंशी, आवाज बावीसचा.

"बाई, अहो आहात कुठे? सभा आहे ना!"

"सभा? झाली की!"

"झाली?"

"सगळे साडेनऊलाच आले. हॉलला हे भलंमोठं कुलूप. मग काय, उन्हात वाळत पडायचं? समोरच्या बागेत झाडांआड सावलीला बसलो, सभा घेतली, दहा चाळीसला संपवली. इथेच आहोत."

काकांनी कपाळावर हात मारला. उभा जन्म हजेरीपटाच्या धाकात काढलेली माणसं ही! वेळेवर येणं म्हणजे यांच्या लेखी उशीरच. परिपत्रकात वेळ टाकली, पण किल्ली कुणाकडे ठेवायची हे मात्र डोक्यातच आलं नाही.

ते धावतच रस्ता ओलांडून गेले. बागेतल्या बाकांवर मंडळी सेवाज्येष्ठतेनुसार बसली होती.

"चला, चला, आत चला!"

कुणी हललं नाही. एक निवृत्त ऑडिटर चष्मा पुसत म्हणाले, "संपलेली सभा पुन्हा घ्यायची तर सात दिवसांची नोटीस लागते. नियम सतरा. तुम्हीच केलाय."

"अहो, शाखा जाईल!"

"जाईल, पण नियमानं जाईल."

हॉलच्या दारातून निरीक्षक ओरडले, "मी बाग मोजू शकत नाही! पत्रात सभागृह म्हटलंय!"

काका बाईंजवळ गेले. मग बाईंच्या मांडीवरचा सभेच्या इतिवृत्ताचा कागद त्यांनी उचलला, वाचला आणि मोठ्यानं म्हणाले, "वा! झकास लिहिलंय. सभा संपली तर संपली. मी आत जाऊन हे जसंच्या तसं निरीक्षकांना देऊन टाकतो. कुणाची हरकत असलीच, तर आत येऊन नोंदवा." आणि वळून चालू लागले.

"जसंच्या तसं?" ऑडिटर ताडकन उठले. "लिहिलंय कुणी?"

"आपल्या निवृत्त पोस्टमननं," बाई म्हणाल्या.

"पोस्टमननं? जन्मभर दुसऱ्यांचं लिहिलेलं वाटत फिरला हा!"

"मग तुम्ही काय केलंत? दुसऱ्यांच्या लिहिलेल्यावर लाल पेन्सिल फिरवलीत!" पोस्टमनही काठी सावरत उठला.

बघता बघता सगळी बाग उठली. काठ्या, गुडघे, एक वॉकर. रस्त्यावरची रहदारी थांबली. एका बसचालकानं तर इंजिनच बंद केलं.

हॉलमध्ये एकच कल्लोळ. कुणाचं म्हणणं, चहाचा उल्लेख श्रद्धांजलीच्या आधी आलाच कसा? कुणाला आपल्यापेक्षा अकरा महिन्यांनी कनिष्ठ माणसाचं नाव आधी घातल्याचा राग. त्या गदारोळात निरीक्षक शांतपणे बोट नाचवत मोजत होते. त्रेसष्ट. त्यांनी अहवालावर आकडा लिहून सही ठोकली. काकांनी तो आकडा तीनदा वाचला आणि डोळे पुसून घेतले.

"माझं काम झालं," निरीक्षक उठत म्हणाले. मग घुटमळले, पुन्हा बसले, पेनाचं टोपण काढलं. "तो चौथा ठराव जरा इकडे द्या पाहू. फारच मिळमिळीत झालाय."

चौथा ठराव म्हणजे सभासदांना कुलूप बघायला लावल्याबद्दल विभागीय सचिवांचा निषेध. निरीक्षकांनी त्यात 'तीव्र' घातला, बाईंनी ठराव मताला टाकला, आणि सगळ्यांत आधी हात वर गेला तो काकांचा.