चौघांची कॉफी

दलदल संपली, कोरडं पाइनचं जंगल लागलं आणि सेल्मानं मागं वळून पाहिलं, तर मामा नाहीच.

"मामा!"

"ओरडू नकोस," तावेत्ती पिरायनेन तिच्या कोपराजवळूनच म्हणाला. वाकून, हातातल्या डहाळीनं तो तिच्या बुटांचे ठसे पुसत होता.

"अहो मामा, लढाई संपून तीस वर्षं होत आली. आता कोण येतंय माझ्या मागावर?"

"कोणी येत नाही ना? मी पुसतो म्हणून."

सेल्मा पुढं चालू लागली.

तरुणपणी तावेत्ती लांब पल्ल्याच्या गस्तीतला जवान होता. चार-चार जण स्कीवरून शत्रूच्या मुलखात खोल शिरायचे, तंबू, तोफा, रस्ते बघून यायचे, आणि आले होते हे कोणाला कळायचं नाही. लढाई संपली, बाकीचे घरी आले. तावेत्ती अजून यायचाच होता. कुह्मो गावच्या बाजारात जायचा एका वाटेनं, यायचा दुसऱ्या. चर्चमध्ये दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसायचा. घरात पावलांचा आवाज म्हणून नाही. स्वयंपाकघरात तो अचानक मागं उभा दिसला की मामीच्या हातून बशी सुटायची. शेवटी तिनं गळ्यात गाईची घंटा बांधायची धमकी दिली. त्यानं घंटा बांधून घेतली, आणि तरीही ती वाजली नाही.

अशा माणसाला एकच गोष्ट आयुष्यभर टोचत होती. एक कॉफीचा डबा.

लढाईत सगळा देश भाजलेल्या जवाचं पाणी कॉफी म्हणून पीत होता. त्यात तावेत्तीच्या गस्तीतल्या चौघांना कुठूनशी डबाभर खरी कॉफी मिळाली. परत आल्यावर प्यायची, असं ठरलं. लपवायचं काम तावेत्तीकडं, कारण लपवावं तर त्यानंच. तुकडीचा नियम असा, की ठेव्याजवळ खूण करायची नाही. त्यानं केली नाही. मोहीम लांबली, बर्फ वितळून गेलं, चौघं भुकेले, पाय ओढत परत आले, आणि डबा काही सापडेना.

"पिरायनेननं आधीच ढोसली," चौघांतला हुओतारी तेव्हा म्हणाला, तो अजून म्हणतोच आहे. दरवर्षी जुन्या जवानांच्या मेळाव्यात कॉफी फिरली, की हुओतारी तावेत्तीच्या कपावर हात ठेवतो. "याला नको. याचा वाटा झालाय."

आता तुकडीचा इतिहास छापायचा होता. लिहायचं काम सेल्माकडं आलं, कारण टाइपरायटर तिच्याकडं होता. हुओतारीनं कॉफीचा किस्सा मीठमसाला लावून सांगितला होता. पुढच्या आठवड्यात मजकूर छापखान्यात जाणार होता. त्याआधी डबा सापडला नाही, तर तावेत्ती कायमचा चोर.

"नक्की आठवतंय ना कुठं ठेवला?"

"मोठ्या खडकाजवळ. वाळक्या पाइनच्या ढोलीत. सालीचं बूच मारलं होतं. छातीइतक्या उंचीवर."

खडक होता. वाळके पाइनही बरेच होते. तावेत्ती एकेका खोडाला छातीच्या उंचीवर टकटक करत फिरू लागला, गेले सगळे उन्हाळे फिरत आला तसाच. पाठीवरच्या पिशवीत किटली खुळखुळत होती. तीही दरवर्षी बरोबर असायची.

डास सेल्माला फाडून खात होते. देवा, तिनं मनात म्हटलं, डबा मिळू दे, नाहीतर या माणसाला विसर तरी पडू दे. तिनं आपली पिशवी एका कापलेल्या बुंध्यावर ठेवली. ठेवता ठेवता तिला नवल वाटलं.

"मामा, हे झाड कोणी कापलं हो? बुंधा माझ्या छातीला लागतोय. एवढं लाकूड वाया!"

"लढाईत कापलंय, हिवाळ्यात," तावेत्ती टकटक न थांबवता म्हणाला. "खाली वाकून करवत कशी चालवणार? बर्फ इथवर असायचं, आणि माणूस त्याच्यावर उभा रा..."

टकटक थांबली.

तो बुंध्याजवळ आला आणि त्यानं त्याची उंची हातानं आपल्या छातीशी मोजली. मग त्यानं अगदी हळू, कोणी बघत नाही ना अशा बेतानं, शेजारच्या वाळक्या पाइनकडं मान वर केली.

"पोरी," तो म्हणाला, "वाक जरा."

बूट काढून तो तिच्या पाठीवर चढला. वरून सालीचा चुरा तिच्या मानेत पडला, मग एक शिवी. खाली उतरला तेव्हा त्याच्या हातात गंजलेला डबा होता. चाकूनं झाकण उचकटलं. वास आला. जुनाट, पण कॉफीचाच.

"देवाची कृपा!" सेल्माच्या डोळ्यांत पाणी आलं. "सुटलात मामा! आज रात्रीच लिहिते."

"काय लिहिशील?"

"खरं तेच. डबा डोक्यावर होता आणि तुम्ही सगळे खाली शोधत होतात."

तावेत्तीनं खाली बसून शेकोटी पेटवली.

"हुओतारीही खालच्याच ढोल्या चाचपत होता," तो म्हणाला. "आमचा नायकही. तो बिचारा आता नाही. रानातून शत्रूची छावणी शोधून काढणारी तुकडी, तिला स्वतःचा डबा सापडला नाही, असं छापणार? एकट्या चोराला लोक हसतील आणि विसरतील."

"मी रविवारी चर्चमध्ये पोरांना आठवी आज्ञा शिकवते मामा, खोटी साक्ष देऊ नको. खोटं लिहिणार नाही मी."

"खोटं लिहूच नकोस."

त्यानं अख्खा डबा किटलीत ओतला. पाणी उकळलं. पहिला कप त्यानं डोळे मिटून घेतला, दुसरा तोंड वाकडं करून. तिनं हात पुढं केला, तर त्यानं किटली मागं ओढली.

"तू नाही. मग तेही खोटं होईल."

चौघांची कॉफी एकटा माणूस घोटाघोटानं संपवत होता. कपाळावरचा घाम पुसून त्यानं पुढचा कप भरला. शेवटचा चोथा त्यानं शेवाळाखाली पुरला, वरून डहाळी फिरवली.

"आता लिही पोरी," तो म्हणाला. "कॉफी पिरायनेननं प्यायली. एवढंच लिही, आणि कधी प्यायली ते कोणाला विचारू देऊ नकोस."