लँडमास्टरची मागची सीट

शिरूर अनंतपाळच्या बसस्टँडमागे गुरुपादप्पा मिस्त्रींचं गॅरेज होतं आणि गॅरेजच्या दारात त्यांची सत्तावन्न सालची लँडमास्टर मोटार. धर्माबादच्या एका आडत्यानं ती मोडीत काढली, तेव्हा मिस्त्रींनी उचलून आणली होती. चढ लागला की ती अशा धापा टाकायची, की सायकलवाले मागं वळून बघत पुढं निघून जायचे. पण विकायचं नाव काढलं की मिस्त्री चवताळत. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर दीड महिना घरात झोपायची कुणाची छाती नव्हती. तेव्हा अकरा वर्षांची दीपमाला या गाडीच्या मागच्या सीटवर झोपली होती. बापाला एवढं कारण पुरेसं होतं.

तीच दीपमाला नव्व्याण्णव साली बारावीच्या क्लाससाठी लातूरला गेली. खोली मिळाली, पुस्तकं मिळाली, पण मेसची आमटी काही घशाखाली उतरेना. मग गावोगावच्या पोरांचा येतो तसा तिचाही डबा एसटीनं येऊ लागला. पुढं क्लासात गर्दी वाढली, सरांनी नव्या तुकड्या काढल्या आणि जेवणाची सुट्टी बारावरून अकरावर आणली. एसटी पोचायची पावणेबाराला, आणि त्याआधीची एसटी महामंडळानं बंद केलेली. पोरगी दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी गारढोण भाकरी खायची. शेवटी तिनं रिकाम्या डब्यातून चिठ्ठी धाडली: शनिवारपर्यंत बघते, नाहीतर क्लास सोडून घरी येते.

चिठ्ठी वाचून आई, तुळजाबाई, पोरीला घरीच आणा म्हणू लागल्या. मिस्त्री मात्र हट्टाला पेटले. लोकांच्या ट्रॅक्टरांना सोमवारचा वायदा करून त्यांनी लँडमास्टरचं इंजिन उतरवलं. सिलिंडरचं बोअर, म्हणजे आतली पोकळी, वाढवून मोठे पिस्टन बसवले, अँबेसिडरचा कार्बोरेटर चढवला. इंजिनाचं हेड लातूरच्या लेथवर घासून आणलं. त्यानं आत पेट्रोल जास्त दाबलं जातं आणि इंजिनाला जोर येतो. शेजारचे हॉटेलवाले अण्णाराव म्हणाले, म्हातारीला कशाला पळवायलाव मिस्त्री? शुक्रवारी भल्या सकाळी, गार हवेत, मिस्त्रींनी त्यांनाच शेजारी बसवून गाडी हाणली. पंचावन्न मिनिटांत लातूर! चढावर एक ट्रक मागं टाकला, तेव्हा अण्णारावांनी दाराची कडी दोन्ही हातांनी धरली होती. परत आल्यावर त्यांनी स्वतःहून फुकटचा चहा पाजला, आणि ही गोष्ट गावात लँडमास्टरपेक्षा जास्त गाजली.

शनिवारी साडेनऊला मिस्त्री गरम डबा घेऊन ऐटीत निघाले. पण जोर वाढलेलं इंजिन तापतंही जास्त, आणि आज ऊन चढलेलं. पहिल्याच फाट्यावर रेडिएटरनं शिट्टी मारली. पाणी मागायला उतरले, तर तिथं सुमनबाई नावाच्या एक बाई लेकाचा डबा घेऊन एसटीची वाट बघत उभ्या. त्यांनी घागरभर पाणी दिलं आणि विचारलं, मिस्त्री, लातूरलाच चाललाव नव्हं? आता भरलेला डबा हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला नाही म्हणायची आमच्याकडं रीतच नाही. पुढच्या फाट्यावर पुन्हा पाणी, पुन्हा डबे. नुसता डबा देऊन कोण सोडतो? पोराचं नाव, खोलीचा पत्ता, लोणचं वेगळं बांधलंय हा निरोप, आणि घोटभर चहा. चहालाही मिस्त्रींना नाही म्हणवेना. मनात मात्र घड्याळ ठोके देत होतं.

लातुरात शिरताना गाडीत एकोणीस डबे होते आणि पुढं, अगदी नाकासमोर, तीच पावणेबाराची एसटी चालली होती.

क्लासच्या फाटकाशी दीपमाला कपड्यांची पिशवी घेऊन उभी होती. सुट्टी केव्हाच संपली होती. मिस्त्रींना तिच्याकडं बघायचीही लाज वाटली.

"इंजिनात कसर न्हाई, बाई," ते म्हणाले. "माझ्यातच हाय."

पिशवी टाकायला तिनं मागचं दार उघडलं, तर सीटवर बोटभर जागा नव्हती. ती डब्यांवरची नावं वाचत गेली. यातली निम्मी पोरं तिच्याच तुकडीतली होती, आणि अकराच्या सुट्टीत नळाचं पाणी पिऊन आपल्यासारखीच बसतात हे तिनं रोज पाहिलं होतं. मग तिनं आपला डबा उघडला. इंजिनाच्या धगीशी ठेवलेला होता तो, त्यातून अजून वाफ येत होती. तिथंच बॉनेटला टेकून ती भाकरी-पिठलं जेवली, शेवटचा घास होईपर्यंत. मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला. तरी पिशवीकडं बघून त्यांनी विचारलंच, घरी निघायचं का?

दीपमालानं पिशवी खांद्याला अडकवली आणि दोन्ही हातांत मावतील तेवढे डबे उचलले.

"सोमवारी पाणी भरून घेऊनच निघा, अप्पा," ती म्हणाली. "फाट्यावर डब्यापुरतं थांबा. चहाला न्हाई."