पुलावरचं बटण

दिवाळीला मुलगी पुण्याहून आली ती कपड्यांच्या बॅगेसोबत गेमचं यंत्र घेऊनच. नोकरी लागल्यापासून तिचं माझ्याशी बोलणं 'जेवलात का' आणि 'गोळी घेतली का' एवढ्यावर येऊन ठेपलं होतं. त्यामुळे दुपारी तिने टीव्हीला वायरी जोडून माझ्या हातात रिमोट दिला, तेव्हा मी मनातून खूश झालो. मी त्याला रिमोट म्हणालो, तर "रिमोट नाई बाबा, कंट्रोलर," ती म्हणाली.

गेममध्ये एक घोडेस्वार होता. त्याला घेऊन मी डोंगर, गावं, नदीकाठ सगळं पालथं घातलं. लढाईपेक्षा मला फिरण्यातच रस. एखाद्या घरामागे काय आहे ते बघण्यात मी अर्धी दुपार घालवायचो आणि ती कपाळावर हात मारून घ्यायची. छान चाललं होतं. मग तो झुलता पूल आला.

पुलाच्या मध्यावर दोर तुटला आणि पुढचं सगळं आपोआप घडू लागलं. मी सिनेमा बघावा तसा बघत बसलो. तेवढ्यात ठणकन आवाज झाला, पडद्यावर लाल गोल चमकला, त्यात एका बटणाची खूण. ते तत्क्षणी दाबायचं होतं. मी दोन्ही हात वर केले. कंट्रोलर मांडीवर पडला आणि घोडेस्वार नदीत. पुन्हा लावलं, पुन्हा नदीत.

याला क्विक टाइम इव्हेंट म्हणतात, असं तिने सांगितलं. मी म्हणालो, "फालतूपणा आहे हा. इतका वेळ मले माझ्या मनानं फिरू देलं, अन् आता एकदम हुकूम सोडून राह्यला. दाखवायचं असन तर दाखव, खेळू द्यायचं असन तर खेळू दे." तिचं मत वेगळं. नुसतं बघत बसलं की माणूस सैलावतो, त्या एका बटणामुळे पडायची भीती आपली स्वतःची होते, असं तिचं म्हणणं. वाद रंगला असता. पण मी आणखी एकदा पडलो आणि तिचा आवाज बदलला. "राहू द्या बाबा, मी करून देते," असं हळूच म्हणत तिने कंट्रोलर घेतला, आजाऱ्याच्या हातून पेला घ्यावा तसा.

मला ते फार लागलं. गेममध्ये हरल्याचं काही नव्हतं. तिने मनातल्या मनात मला म्हाताऱ्यांत बसवून टाकलं होतं.

सेटिंगमध्ये जाऊन तिने ते बटणच बंद केलं. घोडेस्वार आपला आपण पूल ओलांडून गेला.

"झालं न!"

"तो गेला. मी कुठं गेलो?" मी चिडूनच म्हणालो.

"मंग तुम्ही हात काऊन वर करता?"

हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. हात पुन्हा वर करून पाहिले आणि लक्षात आलं. हिंगणघाटच्या ज्या जिनिंगमध्ये कापसातली सरकी काढण्यात मी आयुष्य काढलं, तिथे रोलरमध्ये काही अडकून वेगळा आवाज आला की कुणीतरी "हात!" म्हणून ओरडायचं. ओरडलं की जो जिथे असेल तिथे त्याचे दोन्ही हात डोक्यावर. बटण दाबायचं ते स्विचपाशी उभ्या असलेल्याने, आणि यंत्र परत सुरू करतानाही सगळ्यांचे हात वर दिसल्याशिवाय तो दाबायचा नाही. आपण हात वर करायचे, बस.

हे तिला सांगताना माझंच मला नवल वाटत होतं. घोडा पळवताना, तलवार चालवताना मी दुसराच कोणी होतो. त्या बटणापाशी मात्र माझेच हात आले. बटणाने खेळाचा विचका होतो हे माझं मत आजही कायम आहे. पण एवढ्या मोठ्या गेममध्ये मी सापडलो तो तेवढ्याच जागी, हेही खरं.

तिने सेटिंग होती तशी केली आणि कंट्रोलर माझ्या मांडीवर ठेवला. दोर तुटला, लाल गोल चमकला, माझे हात वर.

"बाबा! काय करून राह्यले तुम्ही? दाबा न!" शेजारच्या घरात ऐकू जाईल एवढ्या जोरात ती खेकसली.

नोकरी लागल्यापासून ती माझ्यावर अशी चिडली नव्हती. मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. म्हटलं, "ओरडून नको राहू. लाव पुन्हा."